वेळ विचारणारं वावर

इंजनाच्या वावरात कोणी वेळ विचारली, तर घड्याळात पाहायचं, खरी वेळ मोठ्यानं सांगायची आणि मागं न पाहता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, यायचं. काहून म्हणून विचारायचं नाही.

चांदूर रेल्वेपासून दोन कोसांवरच्या त्या गावात, आचलच्या घरी, हा नियम पोरांना बाराखडीच्या आधी पाठ व्हायचा. सहा वर्षांची असताना तिनं एकदा "काहून?" विचारलं होतं आणि आजोबांच्या, म्हणजे खुशालरावांच्या, हातची थप्पड खाल्ली होती. आता ती बावीसची होती, अमरावतीला राजापेठेत खोली करून मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि ती थप्पड अजून तिच्या गालावर चुरचुरत होती.

घरात गोष्ट सांगत ती अशी. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात शत्रूचं एक लढाऊ विमान भर दुपारी आभाळातून पडलं. पडता पडता फुटलं. इंजन वेगळं झालं आणि खुशालरावांच्या वावरात घुसलं. वैशाखात वऱ्हाडातली काळी माती अशी भेगाळते, की भेगेत हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो. इंजन तिच्यात पंधरा-वीस हात खाली गेलं. विमानदलाची माणसं आली, त्यांनी मेलेल्या वैमानिकाला नेलं, तुकडे नेले, इंजनासाठी खणलंही. पण मृगाचा पाऊस लागला, खड्डा चिखलानं बुजला, आणि इंजन राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून त्या दोन एकरांत कोणी नांगर घातला नाही.

"शत्रू बाम टाकाले आला होता," खुशालराव सांगत. "त्याची घडी बंद पडली. म्हणून अजून इचारते, वेळ झाली का. खरी वेळ सांगतली का निजते बापडा."

भुतं रात्री हिंडतात म्हणे. हिंडत असतील दुसरीकडे. वऱ्हाडात मे महिन्याच्या रात्री अख्खं गाव अंगणात खाटा टाकून जागं असतं, भुताला बसायलाही जागा मिळणार नाही. इथं ओस पडते ती दुपार. बारा ते चार या वेळात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पाखरू बोलत नाही, आणि वावरात गेलेल्या माणसानं हाक मारली तरी ऐकायला कोणी नसतं.

अशाच एका दुपारी, मागच्या वैशाखात, आचलची आई पौर्णिमा ठिबक सिंचनाच्या नळ्या गोळा करायला गेली होती. नळ्यांचं भेंडोळं डोक्यावर घेऊन ती इंजनाच्या वावरातून आडवी निघाली, आणि तिला वेळ विचारली गेली. हातात घड्याळ नव्हतं. मोबाइलची बॅटरी संपलेली. पौर्णिमा कोणाला तोडून बोलणारी बाई नव्हे. ती म्हणाली, "माहीत नाई, बापू."

घरी येऊन ती माठापाशी बसली आणि पाणी प्यायली. मग आणखी प्यायली. त्याला आता वर्ष होत आलं होतं, पण तिची तहान भागली नव्हती. दिवसाला दोन घागरी जात. ओठ तरीही फुटलेले, जीभ तरीही लाकडासारखी. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, साखर नाही, मूत्रपिंडं ठणठणीत, सगळं चांगलं. फक्त शेवटच्या खेपेला त्यांनी आचलला बाजूला घेऊन सांगितलं, "इतक्या पाण्यानं अंगातलं मीठ धुऊन चाललंय. हे थांबलं नाही तर एक दिवस त्या झोपेतच जातील."

मे महिन्यात सुट्टीला घरी आलेल्या आचलला आजोबांनी समोर बसवलं.

"तुया मायनं वेळ सांगतली नाई. ते राहून गेली हाये. तिच्या रक्ताच्या माणसानं जाऊन सांगाव. तू जाय."

"वेळ सांगाले मी काय आकाशवाणी आहो?"

"पाय किशोर, तुया पोरीची जीभ पाय!"

तिचे वडील किशोर खाली मान घालून ठिबकच्या नळीतली माती टोकरत होते. "बाबा म्हणतात तं जाय ना व. एक वेळ तं सांगून याची हाये. त्यात काय जाते तुयं?"

आचल गेली. पण वेळ सांगायला नव्हे. भेगांमधून वारा शिट्टी घालत असणार आणि या लोकांनी पन्नास वर्षं त्या शिट्टीला घाबरून काढली असणार, अशी तिची खात्री होती. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, ओट्यावर सगळ्यांना ऐकवायचा आणि आईला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं, हा तिचा बेत.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पायाखालची ढेकळं चपलेतून चटका देत होती. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली आखडून बुंध्याशी गोळा झाली होती. वावराच्या मधोमध, जिथं कधीकाळी खड्डा होता तिथं, भेगा जास्त रुंद होत्या, आणि सगळ्या एकाच जागेतून फुटलेल्या, वाळलेल्या ओठासारख्या.

ती तिथं उभी राहिली. रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी वारा पडला. मग तिच्या पायाजवळची गवताची एक काडी हलली. वारा नव्हता, तरी काडी सरकत सरकत भेगेच्या तोंडाशी गेली आणि आत पडली. तिच्यामागून दुसरी. मग वाळलेला पाला, धूळ, शेजारून उडून आलेली कापसाची बोंडं, सगळं हळूहळू भेगेकडे निघालं. भेग हवा आत ओढत होती.

वास आला. रॉकेलचा, तापलेल्या लोखंडाचा.

आणि आवाज. तो कानांना कळायच्या आधी तळपायांना कळला. खोलवर काहीतरी जड फिरत होतं. त्या घुमण्याच्या वर दुसरा, बारीक, धारदार सूर होता. एकात एक दोन सूर, वेगवेगळ्या गतीचे. आचलच्या मानेवर काटा आला, कारण हे तिनं वाचलं होतं. शेवटच्या वर्षाचा सेमिनार तिनं हट्टानं याच विषयावर घेतला होता: लढाऊ विमानाचं टर्बोजेट इंजिन, आर-अकरा, आणि त्याच्यातून पुढं निघालेली आर-तेरा, आर-पंचवीस. एका पोकळ दांड्याच्या आतून दुसरा दांडा. दोन्ही आपापल्या गतीनं फिरणारे. वारा एका भेगेतून असे दोन सूर काढत नाही.

"वेळ..."

पुरुषाचा आवाज. तरुण. घसा सोलल्यासारखा.

मोबाइल तिच्या हातातच होता. बारा त्रेचाळीस. नुसतं वाचायचं होतं. तिनं ओठ ओले केले आणि नियमात नव्हतं ते विचारलं.

"कोण आहे?"

आवाज थांबला. मग अगदी जवळून, तिच्या टाचेमागच्या भेगेतून,

"वेळ... म..."

तिनं वेळ सांगितली नाही. मागं न पाहता जायचं होतं ना? ती भेगेकडे तोंड करून, एकेक पाऊल मागं टाकत, पाहतच धुऱ्यापर्यंत आली. तिथून मात्र पळाली.

घरी येऊन ती माठापाशी गेली आणि पाणी प्यायली. मग आणखी प्यायली. चौथा गडवा, म्हणजे तांब्या, भरताना आईनं तिचं मनगट धरलं. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. वर्षभर तिला ते येतच नव्हतं.

"तू काहून गेली व माय..." एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आचल अमरावतीला गेली. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नागसेन सर होते. विमानदलात इंजिन फिटर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेला हा माणूस आता पोरांना नटबोल्ट कसायला शिकवायचा. आल्या आल्या तिनं वर्कशॉपचा माठ रिकामा करत आणला. सर चष्म्यावरून पाहत राहिले.

"उन्हातून आली की वाळवंटातून?"

तिनं रेकॉर्डिंग लावलं.

सरांनी पहिल्यांदा ऐकलं आणि हसले. "कुठून मिळवलं हे? हे आर-अकरा हाये. तेरा किंवा पंचवीस असतं तर आवाज असा नसता. त्यांच्यात मागच्या दांड्यावर पात्यांच्या जास्त रांगा असतात. बारा वर्षं याच्या पोटात हात घालून काढले मी, माह्या बायकोपेक्षा याचा आवाज जास्त ओळखतो."

"सर, ते सुरू होऊन राहिलं ना?"

"सुरू? नाई. नीट ऐक, सूर खाली येऊन राहिला. आतली आग विझली हाये. नुसती पाती फिरून राहिली, थांबायच्या आधी फिरतात तशी." त्यांनी पुन्हा ऐकलं. "पण थांबत काहून नाई हे?"

आचलनं त्यांना सगळं सांगितलं. वावर, नियम, शत्रूचं विमान.

"शत्रूचं?" सर म्हणाले. "पंचाहत्तर साली कोणती लढाई होती, पोरी? आणि शत्रू काय चांदूर रेल्वेवर बाम टाकाले येईन? तिथं काय हाये, रेल्वेचं फाटक? हे आपलं विमान होतं. आपलं पोरगं होतं."

आचलला स्वतःचीच लाज वाटली. एवढे चार्ट काढले, दांडे मोजले, आणि हा साधा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. थप्पड गालावर बसते, पण काम ती डोक्यात करते.

रेकॉर्डिंग पुढं गेलं. तिचा स्वतःचा आवाज आला, "कोण आहे?" आणि मग तो.

"वेळ... म..."

नागसेन सरांच्या हातातला पाना टेबलावर पडला. त्यांनी स्वतःच मोबाइल बंद केला. 

"माह्या बॅरेकीत अर्धी पोरं केरळातली होती," ते हळू म्हणाले. "तापात पडली, की हेच बडबडायची. तो वेळ नाई विचारत, आचल. वेळ्ळम. मल्याळीत वेळ्ळम म्हणजे... पाणी."

त्या दुपारी एक वाजता आचल गावात उतरली. ओट्यावर खुशालराव आणि त्यांचे जुने सोबती पंजाबराव सुपारी कातरत बसले होते. किशोर दारात होते.

"सांगतली का वेळ?" खुशालरावांनी विचारलं.

"आबाजी, विमान पडलं तेव्हा तुमी कुठं होते?"

"धुऱ्यावर. मी, हा पंजाब, न् आणखी चार जण. काहून?"

"अन् तो वैमानिक कुठं होता?"

"छत्रीनं उतरला होता. दोन्ही पाय मोडले होते. इंजनाच्या खड्ड्यापाशी पडला होता. इंजन बोंबलून राहिलं होतं, जवळ कोण जाईन? तो सारखा वेळ इचारे. गावात घडी फक्त माह्या हातात होती, लग्नातली. म्या सांगत गेलो. एक वाजला. दीड वाजला. साडेतीन वाजले..." ते थांबले. "चारले इचारणं बंद झालं."

तीन तास.  तीन तास तो माणूस पाणी मागत होता आणि धुऱ्यावरून एक हातघड्याळवाला त्याला वाजले किती ते सांगत होता.

"तो पाणी मागत होता, आबाजी. त्याच्या भाषेत पाण्याला वेळ्ळम म्हणतात. आणि तो शत्रू नव्हता. आपला होता."

खुशालरावांनी सुपारी खाली ठेवली. मग सावरून म्हणाले, "आता आमाले काय माहीत? आमाले वेळ ऐकू आलं, आमी वेळ सांगतली. भाषा समजली नाई, त्यात आमचा काय गुन्हा?"

उत्तर चपखल होतं. पण पंजाबरावांच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

"खुशाल," ते खाली पाहत म्हणाले. "तो हात तोंडापाशी नेत होता न बे."

"चूप राय, पंजाब."

"असा." म्हाताऱ्यानं हाताची ओंजळ केली आणि ओठांशी नेली. "असा करत होता, तीन घंटे. आमी समदे पायत होतो. बाभळीखाली भरलेली घागर होती, गडवा होता. मी उचललाबी होता. तू म्हणला, ठेव खाली."

दारातून किशोरांनी बापाकडे पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तसं पाहिलं असावं.

"कोणाचा कोण!" खुशालराव ओरडले, पण आवाज मध्येच फाटला. "जात ना पात माहीत. गडवा आमचा. त्यानं तोंड लावलं असतं तं बाटला असता. माह्या मायनं घरात घेतला असता का? अन् मग तो मेला. मंग लोकाइले काय सांगाचं? शत्रू होता म्हणलं, का कोणी काई इचारत नाई..."

कोणी काही विचारत नाही. आचलला त्या नियमाचा अर्थ आता कळला. तो भुतासाठी नव्हताच. घरातल्या पोरांसाठी होता.

तिनं आत जाऊन भरलेली घागर कमरेवर घेतली, मांडणीवरचा पितळी गडवा उचलला आणि चालू लागली.

"आचल! पाणी देऊ नोको त्याले!" मागून खुशालराव काठी टेकत निघाले. "पाणी देल्लं तर तो कायमचा पाठीमागं लागते! वेळ सांग, फक्त वेळ सांग!"

तिघंही तिच्यामागून आले, पण धुऱ्यावर थांबले. दोघे म्हातारे पन्नास वर्षांपूर्वी थांबले होते तिथंच. किशोरांनी एक पाऊल खाली वावरात टाकलं. मग तेही मागं घेतलं.

आचल एकटी मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या घशात काटे उभे होते. कमरेवरच्या घागरीतलं पाणी डुचमळायचं तसा तिचा जीव त्याच्यामागं जायचा. तिनं ते प्यायलं नाही. पायाखाली दोन सूर घुमत होते. काड्या भेगेकडे सरकत होत्या.

"वेळ..."

"आणलंय," ती म्हणाली. "उशीर झाला."

गडवा भरून तिनं कमरेच्या उंचीवरून धार सोडली. पाणी भेगेत गेलं. मातीवर पडल्याचा आवाज आलाच नाही. आला तो घोटाचा. एक. मग दुसरा. मग घाईघाईनं, गुदमरत, लहान लेकरू पितं तसे कितीतरी. ती गडवा भरत राहिली, ओतत राहिली. भेगेच्या कडा कोरड्याच होत्या. एक थेंब मातीनं घेतला नाही.

घागर संपत आली, तसा वरचा बारीक सूर उतरू लागला. मग खालचाही. जड पाती फिरत, रखडत, एकेक करून मोजता येतील इतकी मंद झाली... आणि थांबली. रॉकेलचा वास विरला. आचलनं आवंढा गिळला आणि तिला जाणवलं, की तोंडात ओल आहे.

मोबाइल वाजला. आईचा होता.

"आचल," पौर्णिमाचा आवाज रडका आणि हलका होता. "मले आता पुरे वाटून राहिलं व. पेला भरला होता, पण नोको वाटला."

 आचलनं घागर कमरेवर घेतली, गडवा हातात घेतला आणि धुऱ्याकडे निघाली. या वेळी तिनं मागं पाहिलं, चांगलं दोनदा पाहिलं. काही नव्हतं.

धुऱ्यावर पोहोचली तेव्हा खुशालरावांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. गडव्यावर होती. तिनंही खाली पाहिलं.

गडव्याच्या काठावर ओठांचा ठसा होता. काजळीचा, ओला, आणि खालच्या ओठाच्या मधोमध चीर पडलेला. आचलनं पाणी वरून ओतलं होतं. गडवा तिच्या हातातून एकदाही सुटला नव्हता, भेगेजवळ गेला नव्हता.

"टाक तो," खुशालराव कुजबुजले. "भेगेत टाक. घरात आणू नोको."

"ऐक ना, आचल," किशोर म्हणाले.

पंजाबरावांनीही होकाराची मान हलवली.

आचलनं तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. भीती तिलाही वाटत होती; पाठीवरून घामाची धार उतरत होती आणि ती गार होती. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत उभं राहिलं होतं.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "हा धुणारही नाही. हा गडवा घरी जाईल, माठावर राहील, आणि घरातला प्रत्येक माणूस याच्यानंच पाणी पिईल. आबाजी, आज पहिला तुम्ही. ज्याला बाटायचं त्यानं बाटावं. ज्याला चालत नसेल त्यानं तहानेनं मरावं. वेळ मी सांगीन त्याला."

खुशालरावांनी तोंड उघडलं. पंजाबरावांकडे पाहिलं, किशोरांकडे पाहिलं. मग मिटलं. 

ऊन शेहेचाळीस अंशांचं होतं. आचलच्या हातातला पितळी गडवा चटका बसावा इतका तापला होता. काठावरचा ठसा वाळत नव्हता.